गट नंबर, फेरफार आणि मामांची हार्ड डिस्क



लातूरच्या मामांच्या कॉम्प्युटरचं शेवटी काय झालं, हे अजूनही प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी विचारतंच. दर वेळी सांगताना गोष्ट थोडी बदलते आणि त्यातलं माझं कर्तृत्व थोडं वाढतं, असं बायकोचं निरीक्षण आहे. म्हणून एकदाचं नीट लिहून काढतो. लिनक्सवाल्या मित्रांना त्यांच्या कामाचं काही मिळेल. नातेवाइकांनीही घाबरू नये. यातली अर्धी गोष्ट तलाठ्याच्या दप्तरातली आहे आणि त्यातलं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं.

२०२३ साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी शोधायचं काम जोरात चालू होतं. त्याची हवा घरोघरी पोचली. माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. मोडी किंवा उर्दू वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. अशात मामांचा फोन आला.

"अरे, आजोबांचे कागद तू कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेत की. ते काढून दे बरं."

"मामा, तो कॉम्प्युटर चालू होतो का अजून?"

"तेच तर सांगायलोय लेका. बटन दाबलं की नुसता दिवा लागायलाय. तुझ्या भावानं आतल्या दोन्ही डिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला लावल्या. एक तर रिकामीच दाखवायलीय म्हणे."

रिकामी! पोटात गोळा आला, कारण ती डिस्क मीच बसवली होती.

आता थोडं मागं जावं लागेल. मामींचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं काय झालं ते आमच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली, त्यापुढे कागदांचं काय घेऊन बसायचं. पण पुढची कित्येक वर्षं वारसाची नोंद लावताना, हद्दी दाखवताना मामींच्या भावांची जी दमछाक झाली ती मामांनी जवळून पाहिली. तेव्हापासून आमच्या आजोबांची ट्रंक हा त्यांचा जीव की प्राण झाला.

त्या ट्रंकेत १९५४-५५ च्या खासरा पत्रकाच्या नकला होत्या. त्याच्या आधीच्या पाहणी पत्रकांचे उतारे होते, फसली सन लिहिलेल्या उर्दू पावत्या होत्या आणि मोडीतली काही पत्रं होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. लातूर जिल्हा तर १५ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा झाला. एकाच शेताचे कागद, पण वर राज्याचं नाव वेगळं, जिल्हा वेगळा, लिपी वेगळी, मोजायची पद्धत वेगळी. शेत मात्र होतं तिथंच.

२००६ च्या दिवाळीत मी मामांना कॉम्प्युटर जोडून दिला. मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांवरून लिनक्स शिकलेली आमची पिढी. मी त्यावर मोठ्या हौसेने फेडोरा कोअर ५ टाकलं. डिस्क होती ८० जीबीची. २००७ च्या उन्हाळ्यात मी आणि मामेभावाने लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत ट्रंकेतली सगळी पानं स्कॅन केली. एकूण ४३६ पानं. पुढं त्याच डिस्कवर लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ येत गेले, आणि २००८ साली ती भरली. मी २५० जीबीची दुसरी डिस्क आणली, चार कमांडी दिल्या, आणि मामांना दाखवलं, बघा, जागा वाढली. फोल्डर तेच, रस्ता तोच, नुसती जागा चौपट. मामा म्हणाले, "हे बेस झालं. शेताला असं करता आलं असतं तर!"

नंतर काही वर्षांनी ट्रंकेला वाळवी लागली. ती कळली तेव्हा कागदांचा भुगा झाला होता. म्हणजे उरलं ते त्या दोन डिस्कांवर.

ज्या चार कमांडींनी जागा वाढली त्यामागच्या व्यवस्थेला लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट म्हणतात, एलव्हीएम. ती कुठून आली ते सांगितल्याशिवाय पुढचा बिघाड समजणार नाही.

आयबीएमने १९५६ साली पहिली व्यापारी हार्ड डिस्क काढली, रामॅक नावाच्या यंत्रात. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांत सगळी मिळून ५० लाख अक्षरं. वजन टनाच्या वर. तिथून १९८३ च्या पीसी एक्सटीपर्यंत येताना डिस्क मांडीवर मावेल एवढी झाली आणि क्षमता १० एमबी. त्याच वर्षीच्या डॉस २.० बरोबर पीसीच्या डिस्कवर पार्टिशनचा तक्ता आला. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये चार ओळींची जागा. इथून इथपर्यंत एक भाग, तिथून तिथपर्यंत दुसरा.

या पद्धतीची अडचण भिंतींची होती. घर बांधतानाच ठरवायचं की स्वयंपाकघर एवढं आणि माजघर एवढं. पुढं माजघरात पाहुणे मावेनात आणि स्वयंपाकघर निम्मं रिकामं, तरी भिंत हलवायची सोय नाही. सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे फार भोगलंय. लॉगचा भाग भरून मशीन अडकलेलं, आणि शेजारच्या भागात वीस जीबी मोकळी. मग रात्री सगळं बंद करा, डेटा दुसरीकडे हलवा, पार्टिशनं पुसा, नवी करा, डेटा परत आणा.

मोठ्या युनिक्स मशीनवाल्यांनी यावर आधी उपाय काढला. आयबीएमच्या एआयएक्समध्ये १९९० च्या सुमारास व्हॉल्यूम मॅनेजर आला, पुढं एचपीच्या एचपी-यूएक्समध्येही. १९९८ साली हाइन्झ माउएल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सचा नमुना समोर ठेवून लिनक्ससाठी एलव्हीएम लिहायला घेतलं. जानेवारी २००१ मध्ये लिनक्स २.४ आलं ते हे घेऊनच. पण कर्नलमधला तो भाग पुढं वाढवायला अवघड होता. तेव्हा दोन पर्याय समोर आले. सिस्टिना कंपनीतल्या लोकांनी डिव्हाइस मॅपर नावाचा एक छोटा, साधा थर लिहिला. त्याचं काम एवढंच की वरून विचारलेला पत्ता खालच्या खऱ्या पत्त्यात बदलून द्यायचा. दुसरीकडे आयबीएमने ईव्हीएमएस ही बरीच मोठी व्यवस्था बांधली होती. २००२ च्या शेवटी कर्नलने डिव्हाइस मॅपर घेतला. त्यावर ईव्हीएमएसच्या मंडळींनी भांडत न बसता जाहीर करून टाकलं की आम्ही आमचा कर्नलमधला भाग सोडतो आणि डिव्हाइस मॅपरवरच बसतो. वर्षानुवर्षांची मेहनत अशी बाजूला ठेवणं सोपं नसतं. मला या सगळ्या इतिहासात ती घटना सगळ्यात आवडते.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ आलं, त्याच महिन्यात रेड हॅटने सिस्टिना विकत घेतली आणि एलव्हीएमची दुसरी आवृत्ती रुळली. नोव्हेंबर २००४ च्या फेडोरा कोअर ३ पासून तर इन्स्टॉल करताना काही न बदलता पुढं पुढं क्लिक केलं की डिस्क आपोआप एलव्हीएमखाली जायची. नाव ठरलेलं, 'व्होलग्रुप झिरो झिरो'. मी दिवाळीच्या फराळाच्या मध्ये क्लिक क्लिक करत गेलो तेव्हा मामांच्या डिस्कवर हेच झालं.

आता यातलं तलाठ्याचं दप्तर.

आपल्याकडे जमिनीला आधी सर्वे नंबर असायचे. वाटण्या होत होत तुकडे इतके झाले की एकाच माणसाचं अर्धा एकर इकडं, पाव एकर तिकडं. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला, आणि पुढं तो मराठवाड्यातही आला. एकत्रीकरण झालेल्या गावांत जुने सर्वे नंबर गेले आणि गट नंबर आले. एलव्हीएममध्ये 'व्हॉल्यूम ग्रुप' म्हणतात तो अगदी शब्दशः गटच. प्रत्येक डिस्कचे सारख्या मापाचे तुकडे पाडायचे, सगळ्या डिस्कांचे तुकडे एका गटात टाकायचे, आणि त्या गटातून हवे तेवढे तुकडे एका नावावर लावायचे. ते नाव म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम, आपला खातेदार. मामांच्या मशीनवर फेडोराने तुकड्याचं माप ३२ एमबी धरलं होतं. २५० जीबीच्या डिस्कचे असे ७४५२ तुकडे पडले.

फरक एक आहे. एकत्रीकरणात जमिनीची अदलाबदल करून ती खरोखर एका जागी आणायचा प्रयत्न होता. एलव्हीएममध्ये तुकडे जिथल्या तिथं राहतात, नुसतं वहीत सलग लिहिलं जातं. अमुक खातेदाराचे पहिले दोनेक हजार तुकडे पहिल्या डिस्कवर, पुढचे साडेसात हजार दुसऱ्या डिस्कवर. वरून बघणाऱ्याला एकच सलग शेत दिसतं.

यात नाव आणि जागा यांची फारकत होते. आपल्याकडे ते लवकर समजावं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. किल्लारीला आज जुनी किल्लारी आणि नवी किल्लारी आहे. जमीन बदलली, गावाचं नाव तेच राहिलं, पत्र त्याच नावावर येतं. एलव्हीएममध्ये एका डिस्कवरचे तुकडे चालू मशीनवर दुसऱ्या डिस्कवर हलवता येतात आणि वरच्या फाइलींना पत्ताही लागत नाही. ही उपमा देताना माझी जीभ अडखळते, कारण तिथं माणसं गेली. पण मला हे पहिल्यांदा नीट समजलं ते किल्लारीमुळेच, हे खरं आहे.

आणि म्हणूनच सगळा भार त्या वहीवर येतो. तुकडे सगळे शाबूत असले, पण कुठला तुकडा कोणाच्या नावावर आणि कितवा हे लिहिलेलं गेलं, तर डिस्कवर उरतो तो नुसता चिखल.

एलव्हीएमची दुसरी आवृत्ती लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, असं त्यांच्या रचनेवरून दिसतं. पहिल्या आवृत्तीत ही वही यंत्राच्या भाषेत होती, माणसाला वाचता न येणारी. दुसऱ्या आवृत्तीत ती साध्या अक्षरांत लिहिली जाते आणि नेहमीच्या मांडणीत गटातल्या प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला तिची पूर्ण प्रत असते. म्हणजे पहिल्या डिस्कवर दुसरीचीही माहिती आणि दुसरीवर पहिलीचीही.

बदल लिहायची पद्धत तर फेरफारासारखीच. खरेदी झाली की तलाठी सातबारा खोडत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. जुन्या नावाला कंस होतो. कंसातलं नाव पुढची कित्येक वर्षं वाचता येतं. एलव्हीएम पण नवा मजकूर जुन्याच्या पुढं मोकळ्या जागेत लिहितं, तो पूर्ण लिहून झाला की मगच 'चालू नोंद इथं आहे' एवढी खूण बदलतं. मध्येच लाइट गेली तरी जुनी नोंद जागेवर. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, अगदी फेरफार क्रमांकासारखा. शिवाय जुन्या नोंदींच्या प्रती 'एटसी' खालच्या एलव्हीएमच्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये जमत जातात.

असो. हे सगळं बसमध्ये आठवत मी लातूरला पोचलो.

मामेभाऊ बिचारा तोंड लपवत होता. खरं तर चूक त्याची नव्हतीच. जुन्या मशीनचा बोर्ड गेला होता. त्याने डिस्का काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावल्या. पहिल्या डिस्कवर पार्टिशनचा तक्ता होता, त्यामुळे विंडोजला ती वापरातली दिसली. दुसरी लावताच विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी इनिशियलाइज करावी लागेल, करू का? त्याने 'ओके' दाबलं.

तसं विचारलं गेलं ते माझ्यामुळे. २००८ साली मी ती डिस्क गटात टाकताना तिच्यावर पार्टिशन केलंच नव्हतं. अख्खीच्या अख्खी डिस्क थेट एलव्हीएमला दिली. चालतं तसं, कमांड तक्रार करत नाही. पण तक्ता नसलेली डिस्क परक्याला पडीक दिसते. एक पार्टिशन करून त्यावर 'लिनक्स एलव्हीएम' असा प्रकार लिहिला असता तर निदान कोणीतरी इथं राहतंय एवढं कळलं असतं. बांधावर हद्दीचा दगड रोवायला मला दोन मिनिटं लागली असती.

त्या 'ओके'ने नेमकं काय पुसलं? विंडोजने त्या डिस्कवर जीपीटी प्रकारचा नवा तक्ता लिहिला. तो पहिल्या ३४ सेक्टरांत बसतो, म्हणजे साधारण १७ केबी, आणि त्याची एक प्रत शेवटच्या ३३ सेक्टरांत. एलव्हीएमची ओळखपट्टी दुसऱ्या सेक्टरमध्ये असते, ती गेली. वहीची सुरुवात आठव्या सेक्टरच्या पुढं, तीही गेली. पण त्या काळच्या एलव्हीएममध्ये पहिला खरा तुकडा ३८४ व्या सेक्टरला सुरू होत असे. तिथपर्यंत विंडोज पोचलं नव्हतं. शेवटाकडे ७४५२ तुकडे पाडून झाल्यावर ११ एमबीची शिल्लक उरली होती, कोणाच्याच नावावर नसलेली. तक्त्याची दुसरी प्रत त्या शिलकीत पडली. आणि सुदैवाने फॉरमॅट कर म्हणून पुढचं बटण मामेभावाने दाबलं नव्हतं. थोडक्यात काय, तर शेत जसंच्या तसं होतं, सातबारा फाटला होता.

मी दोन्ही डिस्का टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि अहमदपूर, लोहा करत नांदेडला घरी आणल्या. निघताना मामा फक्त एवढंच म्हणाले, "घाई करू नकोस."

हा सल्ला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोलाचा निघाला. अशा वेळी हात शिवशिवतात. इंटरनेटवर शोधलं की पहिली सापडणारी कमांड द्यावीशी वाटते. कोणी म्हणतं, डिस्कवर पुन्हा पीव्हीक्रिएट चालवा. नुसतं तेवढंच केलं असतं तर? आजची एलव्हीएम पहिला तुकडा २०४८ व्या सेक्टरपासून धरते, तेव्हाची ३८४ पासून. सगळी मोजणी १६६४ सेक्टरांनी सरकली असती. गाव तेच, गट तोच, पण प्रत्येक बांध चुकीच्या जागी. आणि वर कोणी एफएसके चालवून 'दुरुस्ती'ला हो म्हटलं असतं तर त्याने चुकीच्या बांधाप्रमाणे शेत नांगरून टाकलं असतं.

म्हणून पहिले दोन दिवस मी जुन्या डिस्कांवर एक अक्षरही लिहिलं नाही. नवी मोठी डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यूने दोन्ही डिस्कांच्या हुबेहूब प्रती काढल्या. पहिली सुरळीत उतरली. दुसरीवर काही सेक्टर खराब निघाले, तिथं ती किर्रकिर्र करून अडायची. मध्ये एकदा लाइट गेली. डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं आणि कुठं अडलं याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवत जातो. ती असल्यामुळे लाइट आल्यावर काम पुढं सुरू झालं. पुढचं सगळं त्या प्रतींवर.

वहीची एक प्रत 'एटसी'मध्ये असते असं वर म्हणालो. गंमत अशी की ते फोल्डर त्याच गटातल्या व्हॉल्यूमवर होतं जो गट उघडत नव्हता. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग पहिल्या डिस्कच्या एलव्हीएम भागाचा अगदी सुरुवातीचा तुकडा वाचायला घेतला. स्क्रीनवर कचरा अक्षरं गेली आणि मध्येच स्वच्छ मजकूर दिसला. गटाचं नाव. नोंद क्रमांक. दोन डिस्का, दोघींच्या लांबलचक ओळखक्रमांकांसह. तुकड्याचं माप. पहिला तुकडा ३८४ पासून. कुठल्या व्हॉल्यूमचे कुठले तुकडे कुठल्या डिस्कवर. २००८ ची तारीख, आणि त्याच्या मागंपुढं जुन्या नोंदींचे अवशेष, कंसातल्या नावांसारखे. पंधरा वर्षांपूर्वी मी मामांसमोर केलेला बदल त्यात जसाच्या तसा नोंदवलेला होता. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं काम तासाभराचं. तो मजकूर नीट करून फाइलीत घेतला. दुसऱ्या डिस्कच्या प्रतीवरचा विंडोजचा तक्ता पुसला. पीव्हीक्रिएटला जुना ओळखक्रमांक आणि ती फाइल दोन्ही दिली, म्हणजे ते नवं काही न ठरवता जुन्याप्रमाणेच पट्टी लावतं. मग व्हीजीसीएफजी-रिस्टोरने वही परत चढवली. गट चालू केला. एफएसकेला 'फक्त बघ, हात लावू नकोस' असं सांगून तपासणी केली. आणि शेवटी व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता माउंट केला.

फोल्डर उघडलं. 'आजोबा'. त्यात ४३६ फाइली.

त्यातल्या ४२७ उघडल्या. खासरा पत्रकाच्या नकला सगळ्या मिळाल्या, उर्दू पावत्याही. नऊ फाइली खराब सेक्टरांत गेल्या. त्यांतली सात पानं मोडीतल्या पत्रांची होती. आजोबांच्या वडिलांनी हैदराबादहून लिहिलेली पत्रं म्हणून मामा दाखवायचे ती. २००७ साली ती स्कॅन करताना मी म्हणालो होतो, आता सुरक्षित झाली, कोणाकडून तरी सावकाश वाचून घेऊ. मधल्या सोळा वर्षांत ती कोणी वाचली नाहीत. त्यामुळे काय गेलं हेही आम्हाला सांगता येत नाही.

मामांना फोन केला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मिळालं तेवढं थोडं नाही. पण तेव्हा तू जागा वाढवून दिलीस तेव्हा मला वाटलं होतं, दुसरी डिस्क म्हणजे दुसरी प्रत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मामांचा हा समज अगदी साहजिक होता आणि तो खोडणं माझं काम होतं. दोन डिस्का एका गटात अशा सलग जोडल्या की धोका कमी होत नाही, वाढतो. दोहोंपैकी कुठलीही एक गेली तरी अख्खं शेत अडतं. एलव्हीएम जागेची सोय करतं. प्रत ठेवणं हे वेगळंच काम आहे आणि ते मी केलं नव्हतं. त्या काळी आम्ही सगळेच असे होतो. जागा वाढवायची कमांड पाठ, प्रत काढायची उद्या.

फेडोराने ऑक्टोबर २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस धरलं, तिथं नव्या इन्स्टॉलमध्ये आता एलव्हीएम आपोआप येत नाही. सर्व्हरवर मात्र ते आजही सर्रास आहे, आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी २००५ ते २०१५ मधली अशी डिस्क कपाटात पडलेली असेल. तिला हात लावण्याआधी एवढं करा. विंडोजला लावू नका. लावलीच तर काही विचारल्यावर 'कॅन्सल' म्हणा. आधी प्रत काढा. आधी वाचा. आणि एक डिस्क बिघडली म्हणून दुसरी 'चांगली' असली तरी फेकू नका, कारण बिघडलेलीचा सातबारा तिच्यावर असतो.

आता त्या कागदांच्या तीन प्रती आहेत. एक नांदेडला माझ्याकडे, एक लातूरला, एक पुण्यात मामेबहिणीकडे. उरलेली मोडी पत्रं नांदेडचे एक निवृत्त गुरुजी वाचून देत आहेत. बहुतेक मजकूर बाजारभाव आणि ख्यालीखुशालीचा आहे. मामा रोज फोन करून आज किती झालं विचारतात.

गेल्या महिन्यात लातूरला गेलो होतो. मामांच्या कपाटात नवी डिस्क एका स्टीलच्या डब्यात ठेवलेली आहे. झाकणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: "ही डिस्क रिकामी नाही. विचारल्याशिवाय हात लावू नये." खाली तारीख आणि सही.